राज्यशास्त्राच्या वर्गात व्हिडिओ गेम: खेळू द्या, पण नियम उघडायला लावा

प्रश्न असा आलाय की बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला पब्लिक पॉलिसी शिकवताना व्हिडिओ गेम वापरता येतील का, कुठले घ्यायचे, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर चालतील का, आणि पोरं नुसता टाईमपास तर करणार नाहीत ना. मॅडम, मी हे बरीच वर्षं करतोय, आधी पॉलिसी रिसर्चमध्ये होतो, आता कॉलेजांत आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांसोबत वर्कशॉप घेतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

टाईमपासचं आधी सांगतो. करणार. पहिला अर्धा तास पोरं शहराला स्वतःचं नाव देतील, मुद्दाम आग लावतील, भूकंप आणतील, राक्षस सोडतील. सोडू द्या. तो अर्धा तास अडवला तर पुढचे दोन तास त्यांचं लक्ष तिकडेच राहतं.

आता मुद्द्याचं. गेममधून "बरोबर पॉलिसी कुठली" हे शिकवायला जाऊ नका, तिथे गेम फार कमी पडतात. गेम बनवणाऱ्याने जग कसं चालतं याबद्दलचं आपलं मत नियमांमध्ये लिहून ठेवलेलं असतं, कशाला बक्षीस मिळेल, कशाची शिक्षा होईल, कुठली गोष्ट मोजलीच जाणार नाही. पोरांना ते मत पकडायला लावायचं आणि मग तो नियम बदलून परत खेळायला लावायचं. माझ्या मते सगळी किंमत या दुसऱ्या भागात आहे, आणि वेळ संपला म्हणून बहुतेक लोक नेमका तोच सोडतात.

सिमसिटी घ्या. १९८९ चा गेम, विल राइटने केलेला, तुम्ही नगरप्रमुख, कर लावा, रस्ते टाका, घरं-दुकानं-कारखान्यांचे झोन पाडा. राइटने यासाठी एमआयटीच्या जे फॉरेस्टरचं 'अर्बन डायनॅमिक्स' वाचलं होतं, १९६९ चं पुस्तक, बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी बोलून फॉरेस्टरने शहराचं कॉम्प्युटर मॉडेल बनवलं होतं. त्या मॉडेलचा एक गाजलेला निष्कर्ष म्हणजे सरकारने गरिबांसाठी स्वस्त घरं बांधली तर शहराचं नुकसानच होतं. आता गंमत बघा, त्या मॉडेलमध्ये उपनगरंच नव्हती! म्हणजे शहराबाहेर राहून शहरात कामाला येणारा माणूस हिशेबातच नाही, आणि मुंबईच्या बाबतीत असं मॉडेल कुणी मांडलं तर कल्याण-विरारचा माणूस हसेल की रडेल सांगता येत नाही. यावर तेव्हाही भरपूर टीका झाली. पण मॉडेल कॉम्प्युटरमधून आलं की त्याला एक वजन येतं, आकडे बाहेर पडतात ना, त्यामुळे लोक वाद घालायला कचरतात.

तुमच्यासाठी चांगली बातमी अशी की जुन्या सिमसिटीचा कोड २००८ मध्ये खुला झाला, नाव बदलून मायक्रोपोलिस केलं कारण सिमसिटी हे नाव कंपनीकडेच राहिलं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे, लॅबमधल्या कुठल्याही डबड्यावर चालते. आणि कोड खुला म्हणजे नियम वाचता येतात. प्रोग्रामिंग येत नसेल तर कॉम्प्युटर सायन्सच्या एखाद्या पोराला बोलवा, फक्त गुन्हेगारीचा भाग काढून दाखव म्हणा. तिथे हिशेब साधारण असा आहे: जमिनीचा भाव जितका कमी तितके गुन्हे जास्त, वस्ती जितकी दाट तितके गुन्हे जास्त, आणि पोलीस स्टेशनचा प्रभाव जितका तितके गुन्हे वजा. संपलं. या हिशेबात बेकारी येत नाही, शाळा येत नाही, दारू येत नाही, आणि पोलीस स्वतः काही गडबड करू शकतात ही शक्यता तर नाहीच.

हे फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं, यात धारावी टाका, काय उत्तर येतं? दाट वस्ती, म्हणून नकाशावर लाल. मग कुणीतरी विचारतंच की धारावीच्या जमिनीचा भाव कुठला धरायचा, झोपडीचा की शेजारच्या महागड्या बीकेसीचा? आणि गुन्हे म्हणजे नेमकं काय, चोरी धरायची की बिल्डरने केलेली फसवणूकही? एवढ्यावर एक तास जातो आणि त्या तासात झोपणारं कुणी नसतं. 'पॉलिसीमध्ये समस्येची व्याख्या कोण करतं' हे प्रकरण पुस्तकातून शिकवताना माझा घसा बसायचा, इथे पोरं आपण होऊन भांडतात.

त्याच गेममधला बुलडोझर बघा. एका चौकोनाला १ डॉलर. पाडलं की पाडलं, कुणी कोर्टात जात नाही, मोर्चा नाही, मोबदला नाही, सातबाऱ्यावर नाव कुणाचं हा प्रश्नच नाही. त्याच्या शेजारी आपला २०१३ चा भूसंपादन कायदा ठेवायचा: खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती, सरकारी-खाजगी भागीदारीचा प्रकल्प असेल तर ७० टक्के, वर सामाजिक परिणामांचा अभ्यास. मग पोरांना सांगायचं की आता हा नियम धरून खेळा, म्हणजे घरं पाडायच्या आधी शेजारच्या जोडीची संमती घ्यायची, ते नाही म्हणाले तर रस्ता दुसरीकडून न्या. गेमचा कोड बदलायची गरज नाही, तोंडी नियम पुरतो. शहर वाढायचा वेग लगेच पडतो आणि मग वर्गात दोन तट पडतात, एक म्हणतो कायद्याने विकास अडतो, दुसरा म्हणतो आधीचा वेगच फुकटचा होता, दुसऱ्याच्या खिशातून आलेला. दोघांनाही बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

काय मोजलंय याइतकंच काय वगळलंय तेही बघायला लावा. २०१३ च्या सिमसिटीचे डिझायनर स्टोन लिब्रँड यांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं की खऱ्या शहरांत पार्किंगची जागा इतकी प्रचंड असते की ती त्याच प्रमाणात दाखवली असती तर गेम कंटाळवाणा झाला असता, म्हणून त्यांनी गाड्या जमिनीखाली आहेत असं मानलं. सिटीज स्कायलाइन्समध्ये (२०१५, फिनलंडच्या टाम्पेरेतल्या छोट्या टीमचा) गाडी फार वेळ अडकली की चक्क गायब होते, नाहीतर सगळं शहर ठप्प झालं असतं. पुण्यातल्या पोरांना हे सांगितलं की हशा पिकतो, चांदणी चौकात ही सोय हवी होती म्हणतात. पण मुद्दा गंभीर आहे, मोटारीचा खरा खर्च लपवला की मोटारीभोवती बांधलेलं शहर सुंदरच दिसणार.

आणि हा खेळ फक्त शहरांपुरता नाही. अमेरिकेत क्लिंटनच्या आरोग्य योजनेवरून रान पेटलं होतं तेव्हा, १९९४ मध्ये, सिमहेल्थ नावाचा गेम निघाला होता, मार्कल फाउंडेशनच्या पैशातून, नागरिकांना आरोग्य धोरण समजावं म्हणून. पॉल स्टार हे समाजशास्त्रज्ञ त्या योजनेच्या कामात स्वतः होते. त्यांनी गेम बघून लेखच लिहिला, की धोरणाचे खरे वादग्रस्त मुद्दे गेमच्या आत आधीच कुणीतरी ठरवून टाकलेत आणि खेळणाऱ्याला ते दिसतही नाहीत. तीस वर्षं झाली या लेखाला, पण मी अजून तोच आक्षेप पहिल्या दिवशी सांगतो. गेम वापरू नका असा त्याचा अर्थ मी घेत नाही. आतलं उघडता येईल असे गेम वापरा, असा घेतो.

त्या हिशेबाने डेमॉक्रसी मालिका बरी आहे. पॉझिटेक गेम्सची, क्लिफ हॅरिस यांची, सध्याचा भाग चौथा. स्क्रीनभर गोल गोल आयकॉन, प्रत्येक पॉलिसीवर माऊस नेला की ती कशाकशावर परिणाम करते त्याचे हिरवे-लाल बाण दिसतात. कर, पेन्शन, पोलीस, पर्यावरण, सगळं एकमेकांत अडकलेलं. आणि मतदार एकाच गटात नसतो, तो एकाच वेळी पालक, मोटारवाला, गरीब, धार्मिक असू शकतो, हे मला फार आवडतं कारण आपल्याकडे चर्चा नेहमी एका माणसाला एकच ओळख देऊन होते. शिवाय या सगळ्या समीकरणांच्या फाइल्स साध्या सीएसव्ही असतात, एक्सेलमध्ये उघडतात, आकडा बदला, सेव्ह करा, परत खेळा.

पण यातही मोठं भोक आहे. सगळं स्लायडरवर, म्हणजे स्क्रीनवरच्या सरकपट्टीवर चालतं. वर दिल्लीत स्लायडर सरकवला की खाली गावात अंमलबजावणी झाली, मध्ये राज्य नाही, जिल्हा परिषद नाही, तलाठी नाही, ग्रामसेवक नाही, निधी मार्चमध्ये येऊन मार्चमध्येच परत जाणं नाही. ज्या मुलाच्या घरी कुणी सरकारी नोकरीत आहे तो हे पाच मिनिटांत पकडतो.

खालच्या टोकाचं बघायला पेपर्स, प्लीज घ्या. २०१३ चा, लुकस पोपने एकट्याने केलेला. १९८२ साल, आर्स्टोट्स्का नावाचा काल्पनिक देश, तुम्ही सीमेवरच्या खिडकीत बसलेले कारकून. रोज नवा नियम येतो, आज पास बघा, उद्या परमिट बघा, परवा शिक्का जुळवा. दर माणसामागे ५ क्रेडिट मिळतात, दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, मग दंड. संध्याकाळी त्याच पैशात भाडं, जेवण, थंडीतलं हीटिंग, आजारी पोराचं औषध. आणि मग एक नवरा येतो, त्याची कागदपत्रं पूर्ण, त्याच्या मागे बायको, तिचं परमिट नाही, परत पाठवलं तर मारतील म्हणते. सोडलं तर तुमच्या नावावर एक चूक. बस, इथे गेम थांबवायचा आणि प्रत्येकाने काय केलं ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचं.

मायकल लिप्स्की यांनी १९८० मध्ये मांडलेली स्ट्रीट लेव्हल ब्युरोक्रसीची कल्पना तुमच्या सिलॅबसमध्ये असेलच, की धोरण शेवटी खिडकीतला माणूस बनवतो. ती या एका प्रसंगात मुलांच्या अंगात उतरते. मग रेशन दुकानात अंगठा न जुळलेली आजी, शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असलेला मुलगा, ही उदाहरणं मुलंच काढतात. खिडकीच्या बाहेर सगळ्यांनीच उभं राहून पाहिलंय, आत बसून पहिल्यांदाच बघतात. काही जण म्हणतात आता कारकुनाची कीव येते, काही जण म्हणतात आता जास्त राग येतो कारण सोडता येत होतं. गेम छोटा आहे, जुन्या मशीनवर चालतो, २०२२ पासून मोबाईलवरही आहे.

भाषेचं आधीच सांगतो, कारण मराठी माध्यमाच्या मुलांचा खरा अडथळा तिथे आहे. पेपर्स, प्लीजमध्ये वाचायला थोडं आहे, जोडीने निभतं. सुझरेन (२०२०, बर्लिनच्या टॉर्पर गेम्सचा) मात्र कादंबरीसारखा आहे, लाखो शब्द, सगळे इंग्रजीत. पण विषय असा की सोडवत नाही. सोर्डलँड नावाचा काल्पनिक देश, १९५४ साल, तुम्ही नवीन राष्ट्राध्यक्ष, राज्यघटना बदलायचीये, सुप्रीम कोर्ट जुन्या लोकांच्या हातात, लष्कर बघतंय, एक अल्पसंख्याक समाज नाराज, तिजोरी रिकामी. हा मी प्रोजेक्टरवर घेतो, एक जण वाचतो, एक जण मराठीत सांगतो, वर्ग हात वर करून निर्णय घेतो. मुलं दहा मिनिटांत पात्रांना आपल्या नेत्यांची नावं देतात. देऊ द्या, फक्त अट घाला की मत मांडताना पुरावा गेममधला द्यायचा, कालच्या बातमीतला नाही. काल्पनिक देशाचा फायदा हाच, भांडण पक्षावरून न होता घटनेच्या कलमावरून होतं, आणि मॅनेजमेंटकडून फोनही येत नाही.

युद्धावरचे गेम मी जपून घेतो. धिस वॉर ऑफ माइन (२०१४) हा वॉर्सातल्या ११ बिट स्टुडिओजचा, बोस्नियातल्या साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला, यात सैनिक नाही तर वेढ्यात अडकलेली साधी माणसं सांभाळायची असतात. पोलंड सरकारने २०२० मध्ये तो शाळांच्या वाचन यादीत घेतला, चक्क. चांगला आहे, पण ज्या वर्गात कुणी नुकतं घरातलं माणूस गमावलंय तिथे लावू नका, आधी चौकशी करा.

गोन्झालो फ्रास्काचा सप्टेंबर ट्वेल्थ (२००३) तर नियमातून बोलण्याचा नमुनाच, गावावर क्षेपणास्त्र टाका, दहशतवाद्यासोबत साधा माणूस मरतो, त्याच्यासाठी रडणारे दहशतवादी होतात, जिंकायची सोयच नाही. पण तो फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या सॉफ्टवेअरवर होता आणि फ्लॅश २०२० अखेर बंद झालं, त्यामुळे लॅबमध्ये चालवायच्या भानगडीत न पडता व्हिडिओ दाखवा. त्या काळातले असे बरेच गेम फ्लॅशबरोबरच गेले.

फेक न्यूजवर बॅड न्यूज नावाचा फुकट गेम आहे, केंब्रिजच्या संशोधकांसोबत केलेला, तुम्हीच खोट्या बातम्या पसरवणारे होता. युरोपात त्याचे निकाल चांगले आले. मग त्याच धर्तीचा, व्हॉट्सॲपसारखा दिसणारा गेम भारतात आजमावला, उत्तर भारतात सातशेहून जास्त लोकांवर, आणि २०२३ मध्ये छापलेला निकाल असा की काही ठळक फरक पडला नाही. मला यात निराशा वाटत नाही, उलट फार कामाचा निकाल आहे. तिकडचा चांगला गेम उचलून इथे लावला की काम झालं, असं मानणाऱ्यांना हा दाखवायचा.

म्हणूनच सेमिस्टरच्या शेवटी मी गेम बनवायलाच लावतो, आणि त्याला कॉम्प्युटरवरची एक साधी शीट पुरते. माझी आवडती कांद्याची. चार गट: केंद्रातले मंत्री, निफाड-चांदवडकडचे शेतकरी, लासलगावचे व्यापारी, शहरातले ग्राहक. दोन-दोन महिन्यांच्या फेऱ्या. रब्बीचा कांदा मार्च ते मे निघतो, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये जातो, त्यावर पुढचे महिने देश चालतो, मग खरिपाचा येतो, पाऊस झाला तर बोंबलतो. मंत्र्यांच्या हातात निर्यातबंदी, किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावात बाहेर विकता येत नाही), निर्यात शुल्क, नाफेडची खरेदी आणि साठ्यावर मर्यादा. शेतकऱ्यांच्या हातात फक्त दोन गोष्टी, आता विकायचा की थांबायचं, आणि पुढच्या वर्षी किती लावायचा. शीटमध्ये भाव आपोआप निघतो. एका फेरीवर मी 'निवडणूक' लिहून ठेवतो.

मंत्र्यांचा गट त्या फेरीच्या आधी निर्यात बंद करतो, जवळपास दर बॅचला. ग्राहक खूश, भाव पडतो, शेतकरी पुढच्या वर्षी लागवड कमी करतात, आणि वर्षभराने ग्राहकच ओरडतात. मग खरा घटनाक्रम शेजारी ठेवतो: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान मूल्य, ८ डिसेंबरला बंदी, ४ मे २०२४ ला म्हणजे लोकसभेच्या मतदानाच्या धामधुमीत बंदी उठली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० वर आलं, १ एप्रिल २०२५ ला शुल्कही गेलं. मुलं आपली शीट आणि हा क्रम बघतात आणि गप्प बसतात थोडा वेळ, मग विचारतात की मग मंत्र्याने करायचं काय होतं? तिथून खरा पॉलिसीचा तास सुरू.

या शीटमध्ये चाळीतली घट मी मुद्दाम घालत नाही. खऱ्या चाळीत चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त माल वाळतो, सडतो, कोंब फुटतात. नाशिककडचं एखादं पोर असेल तर दुसऱ्याच फेरीत उठतं, "सर, तुमचा कांदा सडत कसा नाही?" मग त्यालाच पुढे बोलवून तो नियम लिहायला लावायचा आणि सगळ्यांनी परत खेळायचं, थांबून विकण्याचा डाव एकदम महाग होतो. वर्गात नाशिकचं कुणी नसेल तर शेवटच्या फेरीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मग तेही बोलायचं, की मंत्रालयातल्या शीटमध्ये असं काय काय राहून जात असेल.

आता वर्ग चालवायचं थोडं. एका मशीनवर दोघं, एक खेळणार, दुसरा वहीत लिहिणार: काय निर्णय घेतला, का घेतला, काय व्हायला हवं होतं, काय झालं. माऊस आधी त्याच्या हातात द्या ज्याने कधी गेम खेळला नाही, नाहीतर दोन-तीन सराईत पोरं सगळं ताब्यात घेतात आणि मुली मागे उभ्या राहून बघतात, हे मी जवळजवळ प्रत्येक कॉलेजात बघितलंय. सेव्ह करून मागे जायला बंदी, सरकारला ती सोय नसते. खेळायला एक तास दिला तर बोलायला दोन ठेवा. आणि सिव्हिलायझेशन नावाच्या गेममध्ये गांधीजी अणुबॉम्ब टाकतात तो किस्सा कुणीतरी सांगणारच, कोडमधल्या चुकीमुळे झालं म्हणून. तो गेम करणाऱ्या सिड मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलंय की अशी चूक पहिल्या गेममध्ये नव्हतीच. फेक न्यूजच्या तासाला वापरा.

इंटर्नलचे मार्क गेमच्या स्कोअरवर अजिबात देऊ नका. मी वहीवर निम्मे देतो आणि निम्मे एका पानाच्या टिपणावर, ज्यात विद्यार्थ्याने गेममधला एक नियम निवडायचा, तो कुणाच्या फायद्याचा आहे ते लिहायचं, आणि त्या जागी आपला नियम सुचवून त्याने कोण नाराज होईल तेही लिहायचं. हे शेवटचं कुणी सोडलं असेल तर टिपण परत करतो.

पहिल्या वर्षी एवढंच करा: मायक्रोपोलिसचे दोन तास, पेपर्स, प्लीजचे दोन, आणि शेवटी कांद्याची शीट. पेपर्स, प्लीज विकत घ्यावा लागेल, सेलमध्ये स्वस्तात मिळतो, पायरेटेड कॉपी लॅबमध्ये टाकू नका, कॉपीराइटचं प्रकरण त्याच मुलांना शिकवायचंय. डेमॉक्रसी आणि सुझरेन दुसऱ्या वर्षापासून घ्या, तोपर्यंत मुलं कशी भांडतात याचा तुम्हाला अंदाज आलेला असेल.